बंदी उठल्यानंतरचा पट

वऱ्हाडातील शंकरपटाच्या इतिहासात २०२१-२२ चा हंगाम थाटाने मोठा होता असे म्हणता येणार नाही, कारण करोनाच्या तिसऱ्या लाटेने त्याची सुरुवात अडवली आणि त्यापाठोपाठच्या पावसाळ्यात आलेल्या लम्पी चर्मरोगाने पुढच्या हंगामाची वाट रोखली. तरीही या खेळाचा विचार करणाऱ्याला याच हंगामापाशी थांबावे लागते, कारण १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अंतरिम आदेशामुळे सात वर्षे बंद असलेली बैलांची शर्यत महाराष्ट्रात पुन्हा कायदेशीर झाली, आणि तोवर गावाच्या रिवाजावर चाललेला खेळ पहिल्यांदाच लिखित नियमांच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या आणि पशुवैद्यकाच्या दाखल्याच्या चौकटीत उतरला. बंदीपूर्वी जो पट भरत असे आणि बंदीनंतर जो भरू लागला, ते दोन्ही पाहणाऱ्याच्या डोळ्याला सारखे दिसत असले तरी कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे खेळ आहेत.

शंकरपट म्हणजे बैलजोडीची सरळ, सपाट धावपट्टीवरील शर्यत. ओझे वाहण्याच्या गाडीऐवजी बैलांना अगदी हलका, जेमतेम एका माणसाला तोल सांभाळून उभे राहता किंवा बसता येईल असा दोन चाकांचा छकडा जुंपलेला असतो, आणि तो हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारच्या पट्ट्यांवर एकाच वेळी सोडल्या जातात आणि जी आधी पोहोचते ती जिंकते; काही ठिकाणी प्रत्येक जोडी घड्याळावर धावते आणि निकाल सेकंदांच्या अंशांवर लागतो. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतीचा बाज याहून निराळा आहे. तिथे चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात, गाड्याला चार बैल जुंपतात आणि त्यांच्यापुढे स्वार असलेली घोडी पळते. सांगली-साताऱ्याकडे खिलार बैलांच्या छकड्या गटागटाने एकत्र सुटतात. विदर्भाचा पट या दोन्हींपेक्षा साधा असून त्यात जोडी आणि तिचा धुरकरी यांच्यामध्ये तिसरे काही नसते, त्यामुळे जोडीचे परस्परांशी जमणे, दोन्ही बैलांचा पाय एकाच वेळी उचलला जाणे आणि धुरकऱ्याचा कासऱ्यावरचा हात या तीन गोष्टींनाच सारे मोल येते.

पटातला बैल मुळात शेतातला, म्हणून आधी शेताकडे पाहिले पाहिजे. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेले शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. जंबेरीच्या खुंटावर बांधलेली इथल्या रोपवाटिकांतील कलमे दूरदूरच्या बागांत लागली आहेत. फळबागांच्या या पट्ट्यात बैलाचे स्थान कापूस-तुरीच्या कोरडवाहू गावांपेक्षा थोडे वेगळे आहे, कारण झाडांच्या ओळींमधली वखरणी आणि डवरणी, म्हणजे तण काढून माती मोकळी करण्याची मशागत, खोडाला आणि वरच्या मुळांना धक्का न लावता करायची तर जोडी वळते तितके मोठे ट्रॅक्टर वळत नाही. अर्थात लहान ट्रॅक्टर आल्यापासून हा फायदाही ओसरत चालला आहे. पटाचा हंगाम शेतीच्या याच वेळापत्रकाने ठरतो. खरिपाचा माल घरात आल्यावर, कापसाची वेचणी उताराला लागल्यावर आणि बैलांना काम कमी झाल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबरअखेरपासून उन्हाळा तापेपर्यंत गावोगावी पट भरतात. पोळ्याला बैलाची पूजा होते आणि पटात त्याची परीक्षा. एका वर्षाच्या दोन टोकांना ठेवलेले हे दोन प्रसंग बैलाकडे पाहण्याची वऱ्हाडी माणसाची दृष्टी सांगतात, आणि त्या दृष्टीतला अंतर्विरोधही सांगतात.

या भागाच्या पूर्वेला आणि उत्तरेला, वर्धा, नागपूर, छिंदवाडा आणि बैतुल या पट्ट्यात, गवळाऊ ही देशी गोवंशाची जात विकसित झाली. पांढऱ्या ते राखी रंगाची, लांबट आणि अरुंद चेहऱ्याची, हलक्या बांध्याची ही जनावरे चालीला वेगवान असल्याने मराठ्यांच्या सैन्यात डोंगराळ मुलखातील जलद वाहतुकीसाठी त्यांचा उपयोग झाल्याचे पशुपैदाशीच्या ग्रंथांत नोंदलेले आहे, आणि वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या संगोपनाचे शासकीय प्रक्षेत्रही आहे. बैल धावण्यासाठी जन्मलेला नाही, या न्यायालयात वारंवार मांडल्या गेलेल्या युक्तिवादाला वैदर्भीय शेतकरी उत्तर देतो ते बहुधा याच जातीकडे बोट दाखवून.

तो युक्तिवाद कुठून आला हे समजण्यासाठी कायद्याचा क्रम पाहावा लागतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम १९६० चा आहे. त्याच्या कलम २२ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून विशिष्ट प्राण्यांच्या प्रदर्शनावर आणि प्रशिक्षणावर बंदी घालू शकते. १९९१ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा यांची नावे अशा यादीत आली, ती मुख्यतः सर्कस आणि दरवेशी खेळ डोळ्यांपुढे ठेवून, आणि पुढे त्यात सिंहाची भर पडली. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्याच यादीत बैलाचे नाव घातले. शेतावर राबणारा बैल कायद्याच्या कागदावर सर्कशीतल्या वाघाशेजारी जाऊन बसला, ही गोष्ट खेड्यात कोणाला पटणे अवघडच होते. पण बंदीचा कायदेशीर पाया तोच ठरला.

७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज या प्रकरणात तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रासह इतरत्रच्या बैलगाडी शर्यती बेकायदेशीर ठरवल्या. हा निकाल वरवर वाचून बाजूला ठेवण्यासारखा नाही. बैल हा शरीररचनेने ओढकाम करणारा प्राणी आहे, घोड्यासारखा धावणारा नाही, शर्यतीत तो धावतो तो वेदनेच्या किंवा भीतीच्या पोटी, आणि म्हणून शर्यत ही मुळातच क्रूरता आहे, असे न्यायालयाने म्हटले. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मधील जीवमात्राविषयी करुणा बाळगण्याचे नागरिकाचे कर्तव्य आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचा अर्थ यांना एकत्र गुंफून प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा विचार भारतीय कायद्यात इतक्या ठामपणे प्रथमच मांडला गेला. निकालापुढे आलेले पुरावे, विशेषतः शेपटी पिरगाळणे, टोचणे आणि मारणे यांविषयीचे, पटशौकिनांनाही नाकारता येण्यासारखे नव्हते. तुतारी, म्हणजे टोकाला आर बसवलेली काठी, वऱ्हाडात कोणाला दाखवून द्यावी लागत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना बदलून शर्यतींना सूट दिली, पण काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुढच्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी जनसमुदाय लोटला, तमिळनाडूने राज्यापुरती केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली, आणि महाराष्ट्र तीच वाट चालला. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. परंतु राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींच्या संमतीवाचून तो टिकत नाही. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला ती संमती मिळाली, मात्र ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम होईपर्यंत परवानग्या रोखल्या आणि नियम झाल्यावरही ऑक्टोबरमध्ये बंदी कायम ठेवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सारा विषय घटनापीठाकडे गेला आणि तिथे तो पडून राहिला.

या पडून राहण्याच्या काळात जे घडले ते कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. पटासाठी राखलेल्या जोड्यांचा खुराक, म्हणजे सरकी, ढेप आणि वर्षभराची निगा, शर्यत नसताना परवडण्याजोगा नव्हता. ज्यांनी जोड्या ठेवल्या त्यांनी हौसेखातर ठेवल्या, आणि बाकीच्यांनी त्या नांगराला लावल्या किंवा बाजारात नेल्या. पूर्व विदर्भात, जिथे दिवसा शंकरपट आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक अशी गावजत्रेची जोड असते, तिथे दिवस रिकामा झाला. चोरून शर्यती होत राहिल्या, आणि २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात झरे येथे बंदी झुगारून जाहीरपणे शर्यत झाली, तेव्हा हा विषय न्यायालयाबाहेर राजकारणाचा झाला हे स्पष्ट दिसले. महाराष्ट्र शासनाने दरम्यान बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर तज्ज्ञांचा अहवाल तयार करून घेतला होता. न्या. अजय खानविलकर, न्या. दिनेश माहेश्वरी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने १६ डिसेंबर २०२१ ला उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली ती प्रामुख्याने समानतेच्या मुद्द्यावर, कारण तमिळनाडू आणि कर्नाटकात असेच कायदे अमलात असताना महाराष्ट्रालाच वेगळा न्याय का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

हंगाम सुरू झाला तो अडखळतच. आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीची १ जानेवारी २०२२ ची गाजावाजा झालेली शर्यत करोनाच्या कारणाने आदल्या दिवशी रद्द करावी लागली. निर्बंध सैल झाल्यावर मात्र राज्यभर मैदानांची रांग लागली, आणि मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखलीत बक्षीस म्हणून जेसीबी यंत्र ठेवले गेले. बैलाच्या जागी शेतात आणि बांधावर जे यंत्र आले तेच बैलाच्या शर्यतीचे बक्षीस व्हावे, यावर वेगळी टिप्पणी करण्याची गरज नाही. वऱ्हाडात इतका पैसा नव्हता, आणि हे वऱ्हाडाच्या पथ्यावरच पडले असे म्हणावे लागते. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासर येथे भरणारा, शतकाची परंपरा सांगणारा शंकरपट या प्रदेशाची खरी ओळख आहे. बंदीनंतर तिथे स्त्रियाही छकड्यावर धुरकरी म्हणून उभ्या राहिल्या, हा बदल बक्षिसांच्या रकमेपेक्षा अधिक दखल घेण्याजोगा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीचा शिरकाव झाला आणि बघता बघता अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांना त्याने घेरले, तेव्हा जनावरांचे बाजार आणि शर्यती शासनाला बंद कराव्या लागल्या. गावोगावच्या जोड्या एका मैदानात आणणारा हा खेळ रोगाच्या काळात किती धोक्याचा ठरू शकतो याचा विचार त्याआधी कोणत्या आयोजकाने केला असेल असे वाटत नाही.

धोका समोर आल्यावर एखादा खेळ काय करू शकतो हे पाहण्यासाठी या ठिकाणी जगाच्या दुसऱ्या टोकाचा एक हंगाम आठवणे उपयोगाचे ठरते. अमेरिकेत उघड्या चाकांच्या गाड्यांची, म्हणजे चाकांवर आवरण नसलेल्या आणि एकाच चालकासाठी बनवलेल्या शर्यती-मोटारींची, लंबवर्तुळाकार मार्गावरील स्पर्धा विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ आहे; इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा मार्ग १९०९ मध्ये बांधला गेला आणि तिथली ५०० मैलांची शर्यत १९११ पासून होते. या खेळाला नियम घालून देणारी संस्था होती अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन, म्हणजे मुळात मोटारमालकांची संघटना. १९५५ च्या हंगामात तिचा धीर सुटला. ३० मे रोजी, आधीची दोन्ही वर्षे इंडियानापोलिस जिंकलेला बिल वुकोविच आघाडीवर असतानाच अपघातात मरण पावला. ११ जूनला फ्रान्समधील ल मान्स येथे गाडीचे अवशेष गर्दीत घुसून ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. स्वित्झर्लंडने बंदिस्त मार्गावरील शर्यतींवर बंदी आणली आणि ती अनेक दशके टिकली. ऑगस्टमध्ये असोसिएशनने जाहीर केले की हा हंगाम संपताच शर्यतींशी आपला संबंध संपेल.

शंकरपटाच्या २०११ ते २०१४ च्या काळाशी याचे साम्य उघड आहे, पण फरक अधिक शिकवणारा आहे. इंडियानापोलिसचा मालक टोनी हलमन आणि इतर काही जण एकत्र आले, १९५५ मध्येच युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब ही केवळ शर्यतींसाठीची संस्था उभी राहिली, आणि १९५६ ची शर्यत तिच्या नियमांखाली झाली. या संस्थेने मृत्यू थांबवले असे मुळीच नाही. परंतु मृत्यूचे नियमात रूपांतर करण्याची एक यंत्रणा मात्र तयार झाली: १९६४ मध्ये इंडियानापोलिसला पेट्रोलच्या भडक्यात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक जळून गेले, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलून गाड्या मिथेनॉल या इंधनाकडे वळल्या. २००२ मध्ये त्याच मार्गाच्या सिमेंटच्या भिंतींपुढे धक्का शोषून घेणारे पोलाद आणि फोम यांचे कठडे आले, जे नेब्रास्का विद्यापीठात संशोधन करून घडवले गेले होते. अपघात नोंदवायचा, त्याचे कारण शोधायचे आणि पुढच्या हंगामापूर्वी नियम बदलायचा, हा क्रम तिथे मुरला.

तुलनेची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. वुकोविच स्वतःच्या इच्छेने गाडीत बसला होता. बैल छकड्याला जुंपला जातो. चालकाच्या संमतीवर उभे असलेले सारे समर्थन पटाला लागू पडत नाही, आणि म्हणून पटाच्या आयोजकावरची जबाबदारी मोटारशर्यतीच्या आयोजकापेक्षा अधिक जड आहे. परंपरेचा आधार घेऊन ती टाळता येत नाही, कारण परंपरा तुतारीचीही होती.

गोवंश टिकवण्यासाठी शर्यती हव्यात, हा दुसरा मोठा युक्तिवादही तपासून घ्यायला हवा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील एकूण गोवंश सुमारे १९.२५ कोटी भरला आणि त्यातील देशी जनावरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटलेली दिसली. ही घट ट्रॅक्टर, संकरित गायी आणि चराईची संपत चाललेली जमीन यांमुळे झाली. पटाची बंदी तिच्यात असलीच तर किरकोळ वाटेकरी. शिवाय शेतकामाचा खच्ची केलेला बैल पटात कितीही पळाला तरी त्याचा वंश पुढे जात नाही. पटाचा उपयोग आहे तो अप्रत्यक्ष: जातिवंत गोऱ्ह्याला किंमत येते, त्यामुळे चांगली गाय दावणीला राहते आणि नर वासरू ओझे ठरत नाही. हा लाभ खरा आहे, पण गवळाऊ वाचवण्यासाठी हेटीकुंडीसारख्या प्रक्षेत्रांतील वळू गावापर्यंत पोहोचण्याला पर्याय नाही, आणि पटावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने त्यावर होणारी चर्चा फारच थोडी आहे.

२०१७ च्या नियमांनी आयोजकावर घातलेली बंधने कागदावर कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, ५०,००० रुपयांची अनामत, १,००० मीटरपेक्षा जास्त नसलेली धावपट्टी, पशुवैद्यकाची तपासणी, आणि काठी, चाबूक किंवा इजा करणाऱ्या कोणत्याही साधनाला मनाई ही त्यातली मुख्य. १९६० च्या मूळ अधिनियमात पहिल्या अपराधाला १० ते ५० रुपये दंड आहे. राज्याच्या दुरुस्तीत नियमभंगाला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावास आहे. १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले ते याच बंधनांच्या भरवशावर. न्या. अनिरुद्ध बोस यांनी लिहिलेल्या या निकालाने प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही, दुरुस्तीनंतरची शर्यत ही २०१४ पूर्वीच्या शर्यतीहून वेगळी आहे असे मानले, आणि नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली.

दुबळी जागा नेमकी तिथेच आहे. नियमांच्या रचनेत प्रत्येक पट हा एक सुटा कार्यक्रम आहे. अर्ज येतो, परवानगी निघते, मैदान मोकळे होते आणि फाइल बंद होते. महसूल खाते, पोलीस आणि तालुक्याचा पशुवैद्यक यांच्याकडे इतर शंभर कामे असताना दिवसभर सुटणाऱ्या जोड्यांवर त्यांनी बारीक नजर ठेवावी ही अपेक्षा कोणत्याही खेडेगावाला ठाऊक असलेल्या वास्तवाशी जुळत नाही. बैलगाडा मालकांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने न्यायालयीन लढ्यासाठी, आणि तो त्यांनी चिकाटीने जिंकला. पण लढा जिंकणारी संघटना आणि खेळ चालवणारी संस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या गावच्या पटात पाय मोडलेल्या बैलाची हकीगत पुढच्या गावच्या आयोजकापर्यंत नियमाच्या रूपाने पोहोचत नाही, ती पोहोचते केवळ बातमीच्या किंवा भ्रमणध्वनीवरील चित्रफितीच्या रूपाने, आणि चित्रफीत उद्या न्यायालयात पुरावा म्हणूनच येईल.

वऱ्हाडातील पट मंडळांनी म्हणूनच एक काम दुसऱ्या कोणाची वाट न पाहता हाती घ्यावे. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा या पाच जिल्ह्यांतील आयोजकांनी मिळून एक सामाईक नोंदवही ठेवावी, तीत प्रत्येक जोडीचे वय, जात, लसीकरण, दिवसातल्या धावा, लागलेला वेळ आणि झालेली इजा लिहावी, ज्या धुरकऱ्याच्या हाती तुतारी सापडेल त्याला पाचही जिल्ह्यांत हंगामभर मज्जाव करावा, आणि ती नोंदवही दर पोळ्याला जाहीर करावी. तिला फार पैसा लागणार नाही, शासनाचा आदेश तर मुळीच लागणार नाही, आणि पुढच्या खटल्यात पटाच्या बाजूने ठेवता येईल असा तोच एक कागद असेल.